तुर्कस्तानची बाजू घेतली तेव्हा

जपानमध्ये इचिकावाला महापालिकेच्या मोफत जपानी वर्गात माझ्या शेजारी एक तुर्की बाई बसायची. एकदा सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या शिक्षकांनी, सगळ्यांना आपापल्या देशाची बातमी सांगायला लावली. तिचा देश युरोपीय संघात शिरायला बघत होता. ती म्हणाली, "माझे वडील शाळेत होते तेव्हापासून आम्ही विचारतोय. युरोपवाले म्हणतात हा कायदा बदला, आम्ही बदलतो. मग ते दुसरं काहीतरी काढतात." मला तोंड आवरलं नाही. मोडक्या जपानीत मी तावातावाने म्हणाले, "नको असेल तर सरळ नाही म्हणावं! माणसांना असं ताटकळत ठेवतात का?" सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि मी दिवसभर खूश होते.

त्या भरवशावरच ती वर्ग सुटल्यावर माझ्याकडे आली. आम्ही पाच मराठी बायका वार लावून एकमेकींची मुलं सांभाळायचो आणि वारांची वही माझ्याकडे असायची, हे तिला माहीत होतं. स्टेशनजवळच्या बेकरीत तिला पार्टटाइम काम मिळत होतं, पण चार वर्षांच्या मुलीला दोन दिवस ठेवायचं कुठे? बदल्यात ती आमची मुलं तीन दिवस सांभाळायला तयार होती.

मी म्हटलं, आमची मुलं शाकाहारी आहेत. आठवड्याने तिने मला घरी नेऊन वेगळ्या कपाटातली नवी कोरी भांडी दाखवली. मी म्हटलं, अंडंसुद्धा चालत नाही हं. माझा मुलगा कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातलं अंड्याचं सँडविच रोज मागायचा आणि मी रोज द्यायचे. तिने मान डोलावली. मग मी म्हटलं, त्या वेळात मुलांच्या कानावर मराठी पडावं अशी आमची इच्छा असते.

महिन्याभराने ती मुलीला घेऊन माझ्या दारात उभी. मुलीने हात मागे बांधून एक ते वीस मराठी आकडे म्हणून दाखवले, एकदाही न अडखळता. आतून माझा मुलगा जपानीत काहीतरी ओरडत होता. मी म्हटलं, "छान! बाकीच्यांशी बोलून कळवते."

"बेकरीवाले आता थांबणार नाहीत," ती हळूच म्हणाली.

"कळवते ना."

बाकीच्यांशी मी एकदाही बोलले नव्हते. सांगायला लाज वाटते, पण तिच्यात खोट नव्हतीच. पुण्यातली नोकरी सोडून मी नवऱ्याच्या व्हिसावर आले होते. त्या वहीपलीकडे माझा शब्द कुठेच चालत नव्हता. कुणीतरी येऊन माझ्याकडे मागतंय, हे मला आवडत होतं. इतकं साधं आणि इतकं घाणेरडं होतं ते.

बेकरीने दुसऱ्या बाईला घेतलं. तुर्की बाई वर्गात माझ्या शेजारून उठून पुढच्या बाकावर बसायला लागली.

उन्हाळ्यात आमच्यातल्या एकीला त्या मायलेकी बागेत भेटल्या. तिचा लगेच फोन आला. "अगं, ती पोरगी काय गोड मराठी आकडे म्हणते! त्यांना आपल्यात का नाही घेत? मंगळवारचं आपलं नेहमी अडतं."

"विचारलं होतं गं मी," मी म्हटलं. "तिलाच जमत नाही."