मागच्या रांगेतलं लॉगिन

"तांड्यात डॉलर चालून राहिला का आजकाल?"

सरांनी हे विचारलं आणि पुढच्या दोन रांगा हसल्या. मी मागच्या रांगेत, भिंतीकडच्या कॉम्प्युटरवर बसले होते. पडद्यावर इंग्रजीत उमटलं होतं, कमांड नॉट फाउंड. म्हणजे अशी आज्ञा इथं सापडत नाही. मी फळ्यावरची ओळ जशीच्या तशी टाइप केली होती. ओळीच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह होतं, म्हणून मीही ते टाकलं. ते चिन्ह कॉम्प्युटर आपणहून दाखवतो, आता लिहा म्हणून. आपण टाकायचं नसतं. पुढच्या रांगांना हे माहीत होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

"उभी राय. काय लिहिलं ते वाचून दाखव समद्याइले."

मी उभी राहिले. वाचलं. "डॉलर, नोड..." पुढचं हसण्यात बुडालं.

आमच्या तांड्यावरच्या शाळेत फळ्यावरचं सगळं उतरवायची शिस्त होती. तारीख, वार, सुविचार, हजर किती, गैरहजर किती. एक टिंब राहिलं तरी गुरुजी वही परत करायचे. माझी वही कधी परत आली नाही. त्या शिस्तीनंच मला हिंगोलीच्या त्या खोलीत उघडं पाडलं. त्या दिवसापासून माझं नाव डॉलर पडलं. पुढं जितके दिवस मी तिथं गेले, तितके दिवस खऱ्या नावानं मला कोणी हाक मारली नाही. हजेरी घेतानाही नाही.

ती संस्था खासगी होती. दुसऱ्या मजल्यावर एक लांब खोली, तीन रांगा. पुढच्या दोन रांगांत फी भरलेली पोरं, बहुतेक सरांच्या गावाकडची, सोयऱ्याधायऱ्यांची, जमीनजुमला असलेल्यांची. मागची रांग आमची. सरकारी योजनेतून फुकट शिकणाऱ्या पाच जणी. मी सेनगावजवळच्या तांड्यावरून यायची, आधी जीप, मग एसटी. शेजारी वंदना बसायची. ती कुरुंद्याची, हिंगोलीत दिलेली. दोन वर्षांचं लेकरू सासूकडं ठेवून ती यायची.

आम्हाला नोड नावाचं एक टूल शिकायचं होतं. त्यावर वेबसाइटचं काम चालतं. पुढच्या रांगांत ते चालायचं. डॉलर न टाकताही आमच्याकडं चालायचं नाही. नोड लिहिलं की तेच उत्तर. कमांड नॉट फाउंड. पाची जणींना तेच.

काही चालायचं नाही, म्हणून आम्ही रिकाम्या. रिकाम्या, म्हणून झाडू आमच्याकडं, पाण्याचा जार आमच्याकडं, चहा आमच्याकडं. चहा करून परत येईपर्यंत धडा पुढं गेलेला. धडा पुढं गेलेला, म्हणून आम्ही ढ. ढ पोरींना वेळ कोण देणार? मग पुन्हा झाडू. यातून बाहेर पडायची फट कुठं आहे, तेच मला कळत नव्हतं. सोडून द्यावं तर तांड्यावर दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी वाट पाहत होती. बापू, म्हणजे माझा बाप, टोळीच्या मुकादमाला म्हणाला होता, पोरगी कॉम्प्युटरची परीक्षा पास झाली तर येणार नाही. नापास झाली तर कोयता आहेच.

कधीमधी सर मागं यायचे. "उठ" म्हणायचे. माझ्या खुर्चीत बसून भराभरा काहीतरी टाइप करायचे आणि टूल चालायचं. मग पडद्यावरची खिडकी बंद करून उठायचे.

"पाह्यलं? माह्या हातानं चालते. तुह्या हाताले गुण न्हाई, काय करतो मी तरी?"

सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी ते खरं मानलं होतं. घरी जाऊन मी माझे हात निरखून पाहिले होते. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं विचारलं, काय झालं हाताला. मी म्हणाले, काही नाही.

चार महिने मी तो इंग्रजी संदेश नुसता पाहिला. वाचला नाही. कोणीच वाचत नव्हतं. तो आला की मान खाली घालायची, एवढंच आम्हाला ठाऊक. एके दिवशी परतीच्या एसटीत मी ती ओळ अक्षर न अक्षर मोबाइलमध्ये टाकली. एका माणसाचा हिंदी व्हिडिओ निघाला. तो शांतपणे सांगत होता की टूल नाहीच असं मशीन म्हणत नाही. मशीनजवळ एक यादी असते, कुठल्या कुठल्या जागी शोधायचं त्याची. त्या यादीला पाथ म्हणतात. यादीतल्या जागा पाहून झाल्या, तिथं सापडलं नाही, एवढंच ते म्हणतं. आणि प्रत्येक लॉगिनची यादी वेगळी असू शकते.

हे शेवटचं वाक्य मी तीनदा ऐकलं. आमच्या लॉगिनचं नाव होतं 'फ्री'. पुढच्या रांगांवर कुठलं लॉगिन चालू असतं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी झाडायची पाळी माझी. खोली माझ्या ताब्यात. पुढच्या रांगेतला एक कॉम्प्युटर चालूच होता. मी झाडू भिंतीला लावला आणि उभ्याउभ्याच टाइप केलं, हे टूल कुठं आहे ते दाखव. लगेच उत्तर आलं. टूल सरांच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये होतं. पुढच्या दोन्ही रांगा सरांच्याच लॉगिनवर चालत होत्या. मागं येऊन माझ्या खुर्चीत बसले की सर आधी स्वतःचं लॉगिन उघडायचे. तोच त्यांच्या हाताचा गुण.

माझ्या हाताला काही झालेलं नव्हतं. मी तिथंच खाली बसले. आधी हसू आलं, मग संताप आला, असा संताप मला आधी कधी आला नव्हता. या माणसानं टूल आपल्या खोलीत ठेवलं, किल्ली आपल्या माणसांना दिली आणि आम्हाला रोज उभं करून विचारलं, तुम्हाला काहून सापडत न्हाई. आम्हीही खुळ्या, आपल्यातच खोट शोधत बसलो.

तो पत्ता मी वहीत उतरवला. उतरवायची सवय होतीच. माझ्या लॉगिनवर जाऊन तो पत्ता यादीत घातला. नोड लिहिलं. टूल चाललं. वंदना आली तेव्हा मी तिला दाखवलं. ती पडद्याकडं बघतच राहिली.

"बाई, चाल्लं की."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, कमांड नॉट फाउंड. कारण मी घातलेली ओळ त्या एका खिडकीपुरती होती. खिडकी बंद, ओळ गेली. काल चाललं होतं हे सरांनी ऐकलं होतं, खरं मानलं नव्हतं. ते मागून म्हणाले, "काय डॉलर, उतरलं का काल चढलं होतं ते?" पण या वेळी मी हाताकडं पाहिलं नाही, संदेशाकडं पाहिलं. शोधलं. लॉगिन दरवेळी सुरुवातीला एक फाइल वाचतं, ओळ त्या फाइलमध्ये ठेवावी लागते. ठेवली. मग वंदनाच्या कॉम्प्युटरवर. मग बाकीच्या तिघींच्या. दोन सकाळी लागल्या.

त्या दिवशी पाची जणी कामाला लागल्या. दुपारी सरांनी चहा म्हणून आवाज दिला तेव्हा मागच्या रांगेतून कोणी उठलं नाही. ठरवून नाही. खरोखर कोणी रिकामं नव्हतं.

सर आले. एकेक पडदा पाहिला. चेहरा बदलला.

"हे कोणी केलं?"

"मी केलं, सर."

"माह्या फोल्डरचा पत्ता तुले कुठून भेटला?"

"सकाळी झाडताना पाहिला. समोरचा कॉम्प्युटर चालू होता."

सगळी खोली ऐकत होती. सर माझ्याशी बोललेच नाहीत. पुढच्या रांगांकडं वळून बोलले.

"ह्यांच्या रक्तातच असते. उघडं दार दिसलं की शिरले."

या वेळी फार कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे माझ्याकडं पाहत होते, आणि पुढच्या रांगेतल्या दोघींनी आपापल्या पर्स मांडीवर घेतल्या. ते मी पाहिलं. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

संध्याकाळी माफीनामा छापून तयार होता. पाची जणींसाठी पाच कागद. माझ्यावर लिहिलं होतं, 'मी सरांच्या संगणकात चोरून शिरले व माहिती घेतली, पुन्हा असे करणार नाही.' बाकीच्यांवर, 'मी या चोरीत सामील होते.' सही करील तिचंच नाव परीक्षेच्या यादीत राहील. परीक्षा चार दिवसांवर.

चौघींनी सही केली. वंदना जिन्यात माझ्यापाशी थांबली.

"तू बी करून टाक. मला लेकरू हाय, मला दुसरं काय करता येतंय? सासू इथं परत पाठवायची न्हाई."

तिच्यावर माझा राग नाही. तिच्या जागी मी असते तर मीही केली असती. मी एक दिवस मागून घेतला.

घरी आम्ही गोरमाटी, आमची बंजारा बोली, बोलतो, इथं मराठीत सांगते. याडी म्हणाली, "कर सही. सहीनं अंगाला भोकं पडत न्हाईत. पास हो, मंग बघता येतंय." मला ते पटत चाललं होतं. टोळी डोळ्यांसमोर होती. एका शब्दासाठी वर्ष घालवायचं का? चोरून म्हटल्यानं मी चोर थोडीच होते?

बापू बाजेवर बसला होता. तो कमी बोलतो. त्यानं सांगितलं ते मला आधी माहीत नव्हतं. माझ्या जन्माआधी गावातल्या एका विहिरीवरची मोटर चोरीला गेली. पोलिसांनी बापूला धरून नेलं. गावातले एक मोठे गृहस्थ म्हणाले, कबूल म्हणून अंगठा दे, मी सोडवतो. बापूनं मोटर पाहिलीसुद्धा नव्हती. त्यानं अंगठा दिला.

"त्या दिवशी सुटलो. मंग धा-पंधरा वर्सं कुठं बी मोटर गेली की जीप आधी आपल्या दारात. माणूस मरते पोरी, कागद मरत न्हाई."

एवढं बोलून तो उठला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. सही करू नको असं तो म्हणाला नाही. याडी रडत होती. तिचंही बरोबर होतं. पण मला त्या खोलीतल्या मांडीवर घेतलेल्या पर्स दिसत होत्या, आणि माझ्या सहीचा कागद त्या सगळ्यांच्या हातात दिसत होता.

सकाळी सरांनी सगळ्यांसमोर पेन पुढं केला.

मी म्हणाले, "न विचारता पाहिलं, हे लिहून देते. ते खरं हाय. चोरून हा शब्द काढा."

"शब्द काढणार न्हाई."

"मंग सही न्हाई."

"परीक्षेला बसता येणार न्हाई, समजून राहिली का तू?"

"समजलं, सर."

सरांनी भिंतीवरच्या यादीत माझ्या नावावर लाल रेघ मारली. त्यात माझं खरं नाव होतं. संस्थेनं ते एवढ्या एकाच कामासाठी वापरलं. पाणी न पिता मी जिना उतरले.

चौघी पास झाल्या. वंदनानं फोन करून सांगितलं, परीक्षेत मागच्या रांगेवरही टूल चाललं. माझ्या ओळी सरांनी काढल्या नव्हत्या. बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर त्यांना त्या उपयोगी पडल्या.

योजनेच्या कार्यालयात मी अर्ज दिला आहे. सगळ्या रांगांना सारखं लॉगिन द्या, आणि माझी परीक्षा घ्या. पोच घेतली. उत्तर नाही. मुकादमानं टोळीत माझं नाव धरलं आहे, आणि बहुधा यंदा मी कोयता घेऊन जाईन. ते टळेल असं मी स्वतःला सांगत नाही.

पण टोळी निघायच्या आधी त्या संस्थेची नवी तुकडी सुरू होते. पुन्हा पाच जणी मागच्या रांगेत बसतील, आणि चार महिने आपले हात निरखतील. मी ते होऊ देणार नाही. पहिल्या दिवशी मी जिन्यापाशी उभी राहणार. फुकटच्या जागेवर आलेल्या प्रत्येकीच्या वहीत ती ओळ लिहून देणार, ती कुठल्या फाइलमध्ये ठेवायची ते सांगणार, आणि संदेश आला की मान खाली न घालता तो मोठ्यानं वाचायचा, हेही. ओळीच्या खाली माझं नाव, बापाचं नाव, तांड्याचं नाव, आणि सही.

सरांना पोलीस बोलवायचे तर बोलवू देत. कोणी केलं ते शोधत बसावं लागणार नाही.