ओपलच्या हाताला बसलेलं रिव्हॉल्व्हर

घरात ठेवायला पहिल्यांदाच हत्यार घ्यायला निघालेली बाई दुकानात शिरली, की ड्वाइट टॅकेट काउंटर सोडून मागे जायचा आणि बहिणीला हाक मारायचा. "व्हर्ली, तुझं गिऱ्हाईक आलंय."

मुलं शहराकडे गेल्यावर घरात बसून करायचं काय, म्हणून व्हर्लिन भावाच्या बंदुकांच्या दुकानात येऊन बसायला लागली आणि तिथलीच झाली. केंटकीतल्या त्या डोंगराळ भागात बंदूक काही कुणाला नवी नव्हती. पण शिकारीची रायफल वेगळी आणि उशाशी ठेवायचं पिस्तूल वेगळं, हे व्हर्लिनइतकं शांतपणे समजावून सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. नवरे बायकांना घेऊन यायचे आणि काचेतलं सगळ्यात चिमुकलं पिस्तूल दाखवायचे. "हे बरं. बाईमाणसाच्या पर्समध्ये मावेल."

"मावायला ती काय लिपस्टिक आहे?" व्हर्लिन म्हणायची. "जेवढं हलकं तेवढा हाताला झटका जास्त. एकदा वाजवलं की ही पुन्हा त्याला शिवायची नाही. मग ते कपाटात पडणार, आणि तुझा धाकटा ते शोधून काढणार. तू जरा बाजूला हो. तिच्या हाताला काय बसतं ते तिला ठरवू दे."

नवरे हसत बाजूला व्हायचे. व्हर्लिन विकण्याआधी त्या बाईला मागच्या नेमबाजीच्या मैदानावर न्यायची, दोन-तीन हत्यारं चालवून बघायला लावायची. कुलपाची पेटी घेतल्याशिवाय तिला दाराबाहेर सोडायची नाही. गावातल्या निम्म्या बायका तिच्याच हाताखाली शिकल्या होत्या, आणि तिला त्याचा अभिमान होता. आणि तो लपण्याइतका थोडा नव्हता.

ओपल कॉम्ब्स आली ती उन्हाळ्याच्या अखेरीस. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. ओपलने आयुष्यभर शाळेची बस चालवली. त्या वळणावळणाच्या रस्त्यांवर बर्फातसुद्धा तिने एक पोर कधी उशिरा पोचवलं नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आदल्या रविवारी ती चर्चला गेली असताना कुणीतरी मागचं दार फोडून शिरलं होतं. गुडघ्यासाठी दिलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि नवऱ्याचं घड्याळ नेलं होतं.

"गोळ्या गेल्या तर गेल्या," ओपल म्हणाली. "पण माझ्या उशीवर कुणीतरी बसून गेलंय गं. खोलगा पडला होता."

"तू आधी बस. कॉफी घे."

"तू चार दिवस राहायला ये ना माझ्याकडे." ओपल हसत म्हणाली. "नाहीतरी तुझ्या घोरण्याने चोर पळेल."

व्हर्लिनही हसली. "मग हे विकत घ्यायला आलीस कशाला? मीच पुरेन की." आणि तिने काच उघडली.

ओपलची बोटं संधिवाताने आखडली होती. पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढायला तिला जमेना. व्हर्लिनने तिच्यासमोर एक जरा वजनदार, पोलादी रिव्हॉल्व्हर ठेवलं. "हे जड आहे, म्हणून हातात उडणार नाही. यात ओढाओढ नाही. चक्र बाहेर काढायचं, गोळ्या घालायच्या, चक्र आत. चाप थोडा कडक आहे, पण ते तुझ्या भल्याचंच आहे, चुकून ओढला जाणार नाही. आणि कोण आहे ते दिसल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही. आधी पोलिसांना फोन. दार लावून आत बसायचं. उठून चोर शोधत फिरायचं नाही."

"चक्र कुठल्या बाजूला उघडतं?" ओपलने विचारलं.

व्हर्लिनने दाखवलं. थोड्या वेळाने ओपलने तेच विचारलं. मैदानावर गेल्यावर पुन्हा विचारलं. व्हर्लिनला वाटलं, घाबरली आहे. घाबरलेली माणसं एकच गोष्ट दहादा विचारतात, हे तिला रोजचंच होतं. मग तिने ओपलला तो क्रम पाठच करायला लावला, लहान मुलांकडून पाढे म्हणून घ्यावेत तसा. नळी खाली, चक्र बाहेर, गोळ्या टेबलावर, रिकामं दाखव. संध्याकाळपर्यंत ओपलचे हात ते न अडखळता करायला लागले. ड्वाइट म्हणाला, "व्हर्ली, तू दगडालाही शिकवशील." व्हर्लिनला बरं वाटलं.

पुढे ओपलचे फोन यायला लागले. चोर परत येतोय, असं ती सांगायची. पर्स फडताळात ठेवलेली, ती ओव्हनमध्ये सापडली. चष्मा जागेवर नाही. कुणीतरी येऊन वस्तू हलवतं आणि जातं. व्हर्लिनने ड्वाइटला पाठवून कुलपं बदलून दिली, अंगणात दिवा लावून दिला. पेटी पलंगाशी ठेव, किल्ली गळ्यात घाल, असं सांगितलं. एका रविवारी व्हर्लिन तिच्याकडे गेली तेव्हा रिव्हॉल्व्हर पेटीबाहेर, चर्चच्या भजनांच्या पुस्तकावर ठेवलेलं होतं. ती ओपलला रागावली. ओपल खजील झाली, ठेवते म्हणाली. चोर आहे की नाही, हा प्रश्न व्हर्लिनला पडला नाही. पडला असेल तर तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिच्याकडे चोरावरचे उपाय होते, आणि ते ती एकेक करून देत राहिली.

पानगळ सुरू झाली होती. एका रविवारी दुपारी चर्चमधून परतताना व्हर्लिन मक्याच्या पावाचा, कॉर्नब्रेडचा, डबा घेऊन ओपलकडे गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. तिने हाक मारली आणि नेहमीसारखी आत शिरली.

ओपल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दोन्ही हातांत रिव्हॉल्व्हर, रोख व्हर्लिनच्या छातीवर.

"कोण आहेस तू? माझ्या घरात काय करतेस?"

"ओपल, अगं, मी. व्हर्लिन."

"व्हर्लिन माझ्या ओळखीची आहे," ओपल शांतपणे म्हणाली. "तू ती नाहीस."

पाय योग्य अंतरावर, कोपर किंचित वाकलेले, बोट चापाच्या बाहेर सरळ. शिकवलेलं सगळं तिच्या अंगात होतं. शिकवणारी तेवढी पुसली गेली होती. मग ते बोट हळूहळू आत सरकायला लागलं. ओपलला कोण आहे ते दिसलं होतं. चोर दिसला होता.

व्हर्लिनने मैत्रिणीचा आवाज टाकला आणि मैदानावरचा आवाज काढला. "नळी खाली."

रिव्हॉल्व्हरची नळी खाली गेली.

"चक्र बाहेर. गोळ्या टेबलावर. रिकामं मला दाखव."

गोळ्या ओट्याजवळच्या टेबलावर खडखडत पडल्या. एक घरंगळत फ्रिजखाली गेली. ओपलने चक्र वर धरून दाखवलं आणि तोंड वर करून विचारलं, "बरोबर केलं ना?"

"अगदी बरोबर," व्हर्लिन म्हणाली. मग ती खुर्ची ओढून बसली. ओपलने डबा उघडून कॉर्नब्रेडचा तुकडा तोडला आणि तिच्यापुढे धरला. पाहुणीला द्यावा तसा.

लेक्सिंग्टनहून ओपलचा पुतण्या गॅरेट आला. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला, आणि तो कमीत कमी वर्षभर तरी आधीपासून असणार, असंही सांगितलं. गॅरेटने सामान बांधता बांधता विचारलं, "ते रिव्हॉल्व्हर तुम्हीच दिलं होतंत ना तिला?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला नुसतं माहीत करून घ्यायचं होतं.

"हो. मीच निवडलं."

"तेव्हा ठीक होती ती?"

व्हर्लिनने ओपलचा स्वेटर घडी करून सामानात ठेवला. ती काउंटरवरची दुपार तिने तोवर कितीदा तरी उलटीपालटी करून पाहिली होती. चक्र कुठल्या बाजूला उघडतं. चार दिवस राहायला ये. ती गेली असती तर ओव्हनमधली पर्स तिला पहिल्या दिवशीच दिसली असती, आणि कुलपांवर भागलं नसतं. मैत्रीण दारात आली होती, आणि तिने तिचं गिऱ्हाईक करून टाकलं.

रिव्हॉल्व्हर दुकानात परत आलं. ड्वाइट म्हणाला, "जवळजवळ नवंच आहे. लगेच जाईल." व्हर्लिन जेवायला घरी गेली होती तेव्हा ते गेलंही. कुणी नेलं हे तिने विचारलं नाही.

ओपलला ठेवलं होतं त्या वृद्धाश्रमात ती दर शनिवारी गाडी काढून जायची. ओपलला ती आवडायची. कोण ते ठाऊक नव्हतं.

"इथे कुलूप लावून काही ठेवू देत नाहीत," ओपल एकदा कुजबुजली. "माझ्याकडे एक रिव्हॉल्व्हर होतं. एका बाईने घरात शिरून नेलं."

"कोण होती ती?"

"कोण जाणे. माझी मैत्रीण तिथे असती तर तिने तिला आत येऊ दिलं नसतं. ती असल्या कामात फार पक्की आहे. कामात असेल, येईल."

माफी मागावी म्हणून व्हर्लिनने तोंड उघडलं. पण समोरच्या बाईला ती माफी कशाची ते कळलं नसतं, आणि जिला कळलं असतं ती तिथे नव्हती. तिने ओपलच्या आखडलेल्या बोटांना मलम चोळलं आणि बसून राहिली.

ओपल हिवाळ्यात गेली. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. तिच्या बसमध्ये वाढलेली, आता प्रौढ झालेली गावातली सगळी पोरं आली होती. एक जण ताटली घेऊन व्हर्लिनजवळ आला. "मावशी, वेळ बरोबर नाही, पण मी रात्रपाळीला असतो, बायको एकटी असते. तिच्यासाठी कुठलं घेऊ?"

व्हर्लिनने त्याच्याकडे पाहिलं. "रात्रपाळी किती दिवस आहे तुझी?"

"सांगता येत नाही."

"तिची आई नाहीतर बहीण येऊन राहील का काही दिवस?"

तो गोंधळला. असं काही तो विचारायला आला नव्हता. "विचारून बघतो," तो म्हणाला, आणि ते तो विचारणार नाही हे तिला दिसलं.

"बरं. सोमवारी तिला घेऊन ये," व्हर्लिन म्हणाली. "हाताला काय बसतं ते बघू." मग तिने त्याची रिकामी ताटली घेतली आणि भांडी घासायला गेली.