सूड उगवणाऱ्या खरात बाई

खरात बाईंना माफ करता येत नसे, आणि येत नाही याचं त्यांना वाईटही वाटत नसे. चारकोपच्या आमच्या शाळेत त्या नव्याने लागल्या तेव्हा ऑफिसातल्या एका क्लार्कने त्यांना हसत हसत ऐकवलं होतं की तुमच्यातल्यांना बरं, नोकऱ्या पटकन लागतात. पुढे तो क्लार्क निवळला, आदराने बोलू लागला, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन स्वतः त्यांच्या टेबलापाशी आला. बाई लग्नाला गेल्या, नवरीला आहेर केला, आणि त्या घरचं पाणीही न पिता परत आल्या. मी म्हटलं, अहो, किती वर्षं झाली त्याला. तर म्हणाल्या, "मुलीने काही म्हटलं नव्हतं मला. त्याने म्हटलं होतं."

त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी. मूळच्या वाशिमकडच्या. मुंबईत सगळा जन्म गेला तरी राग आला की तोंडून "का?"ऐवजी "काऊन?" निघायचं, आणि बाईंचं "काऊन?" ऐकलं की आठवीचा दंगेखोर वर्गसुद्धा जागच्या जागी बसायचा. बुटक्या, काळ्यासावळ्या, कडक इस्त्रीची साडी, आणि पर्समध्ये कायम एक खुरपं. ते खुरपं बघून नवीन शिक्षिका दचकत.

शाळेच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीलगत, एक लांबट पट्टी रिकामी पडली होती. दुरुस्तीचं डेब्रिज, मोडकी बाकं, गंजलेलं पिंप, असं काय काय तिथे साठलेलं. बाईंनी आठवीच्या मुलांना हाताशी धरून ते उपसलं. गोरेगावच्या एका तबेल्यातून टेम्पोभर शेण आणलं, तेव्हा स्टाफरूममध्ये सगळे नाकाला रुमाल लावून बसले होते. बियाणं दिलं कुसुममावशीने. ही गोराईची कोळीण. आमच्या मार्केटात मासे विकायची, आणि खाडीपलीकडे तिच्या घरामागे छोटीशी वाडी होती. बी देताना बाईंना म्हणाली, "बाय, लावशील ता उगवंल. पन पोरांचे हात लागू दे."

आमच्या मुलांना भाजी म्हणजे जुडी बांधून मार्केटात येणारी वस्तू. भुईमूग उपटला तेव्हा मुळांना लटकलेल्या शेंगा बघून एक मुलगी घाबरून म्हणाली, "बाई, हे खाली कुणी लपवलं?" कोवळी भेंडी कच्ची खाता येते हे कळल्यावर पोरांनी मधल्या सुट्टीत चिप्सची पाकिटं घेणं सोडून भेंड्यांवर धाड घातली. बाईंचा नियम मात्र कडक होता. ज्याचं रोप त्याने तोडायचं. एकदा मुख्याध्यापकांनी पाहुण्यांना द्यायला दोन वांगी परस्पर तोडली. बाईंनी त्यांना बोलावून त्या झाडाच्या मालकिणीची, म्हणजे आठवीतल्या एका मुलीची, परवानगी घ्यायला लावली. मुख्याध्यापक हसत हसत "सॉरी बाळा" म्हणाले. बाई हसल्या नाहीत.

हा एवढा काटेकोरपणा कशाला, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी एकदाच सांगितलं, नंतर कधी नाही. लहानपणी आई ज्याच्या शेतात निंदायला जायची तिथे त्यांनी हरभऱ्याचे चार घाटे तोडून ओच्यात घेतले होते. शेतमालकाने सगळ्या बायांसमोर त्यांना ओचा झटकायला लावला. आई खाली मान घालून तण उपटत राहिली. बोलली असती तर दुसऱ्या दिवशीचं काम गेलं असतं. "त्या हरभऱ्याला माझ्या आईचा घाम होता," बाई म्हणाल्या, "आणि आम्ही चोर. तेव्हाच ठरवलं, माझ्या हातात कधी जमीन आली तर पोरांनी स्वतः लावावं, स्वतः तोडावं, आणि विचारायला कुणाचा बाप येऊ नये. लोक सूड घेतात. मी उगवते."

आमच्या संस्थेचे सेक्रेटरी म्हणजे दळवी साहेब. त्यांना वाईट माणूस म्हणणं सोपं नाही. शाळेचा वरचा मजला त्यांनी दारोदार फिरून उभा केला होता, मुलींसाठी स्वच्छ बाथरूम त्यांच्यामुळे झालं. पण संध्याकाळी भाड्याने देता येईल असं क्रिकेटचं टर्फ शाळेत हवं, हे एकदा त्यांच्या डोक्यात बसलं, आणि जागा होती ती तेवढीच. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी जेसीबी आणला.

सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा मागे सिमेंटचा कोबा होता आणि त्यावर हिरवं कार्पेट अंथरायचं काम चाललं होतं. वांगी लागलेली होती, दुधी मांडवावर लोंबत होता, ते सगळं कुठे गेलं ते कुणी सांगेना. मुलं रडली नाहीत. भिंतीपाशी ओळीने उभी राहून नुसती बघत होती, आणि ते बघणं रडण्यापेक्षा वाईट होतं. दळवी साहेब आले आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "खरात बाई, शाळा चालवायला पैसा लागतो. भाजी काय, बाजारात मिळते."

बाईंनी मान हलवली आणि तासाला गेल्या. त्या गप्प राहिल्या म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. मला भीती वाटली.

टर्फच्या उद्घाटनाला क्रिकेटचे एक वयस्कर प्रशिक्षक पाहुणे म्हणून बोलावले होते. मांडव, फुगे, ढोल, सगळं होतं. पालक आले होते. फीत कापून झाली, पाहुण्यांच्या हातात बॅट दिली, पहिला चेंडू टाकायला दळवी साहेब स्वतः तयार झाले. तेवढ्यात आठवीची मुलं खुर्च्यांवरून उठली आणि एकेक करून टर्फवर चालत गेली. कुणी धावलं नाही, कुणी घोषणा दिली नाही. कुणी नळापासून, कुणी भिंतीच्या कोपऱ्यापासून अंदाज घेतला आणि आपापल्या जागी जाऊन उभं राहिलं. बघता बघता ती हिरवी पट्टी मुलांनी भरून गेली. ढोलवाले थांबले.

पाहुण्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग असेल. त्यांनी जवळच्या मुलीला कौतुकाने विचारलं, तू इथे का उभी आहेस, बेटा?

"इथे माझं वांग्याचं झाड होतं," ती म्हणाली.

त्यांनी पलीकडच्या मुलाकडे बघितलं. "माझा दुधी," तो म्हणाला. "साहेबांनी सुट्टीत काढला." मग ते पुढे गेले, प्रत्येकापाशी थांबत. मेथी. माठ. भुईमूग. भेंडी. सगळी पट्टी फिरून झाल्यावर त्यांनी बॅट खाली ठेवली, दळवी साहेबांना नमस्कार केला आणि चहासुद्धा न घेता निघून गेले. साहेब हातात चेंडू घेऊन तसेच उभे होते. खरात बाई मांडवाच्या खांबाला टेकून त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी समाधान म्हणेन, आणि ते बघून मला थोडं कसंतरी झालं होतं.

नंतर साहेबांनी पालकांना बोलावून दम द्यायचा प्रयत्न केला. एक आई म्हणाली, दुधी आमच्या घरी आला होता साहेब, चांगला होता. त्यांनी विषय तिथेच सोडला. बाईंची मात्र बदली झाली, संस्थेच्या दिंडोशीच्या शाळेत. जाताना मी त्यांना विचारलंच, की तुमच्या रागासाठी मुलांना पुढे करायला हवं होतं का.

"माझ्या?" त्या म्हणाल्या. "अगं सावंत, माझं एक तरी रोप होतं का तिथे?"

दिंडोशीला मोकळी जागाच नव्हती. मग त्या शनिवारी मुलांना घेऊन गोराईला जाऊ लागल्या. चारकोपची जुनी मुलंही जेट्टीवर येऊन त्यांना मिळत. होडीने खाडी ओलांडायची, कुसुममावशीच्या वाडीत वाफे करायचे, वालाच्या शेंगा तोडायच्या, तिथेच चुलीवर शिजवून खायच्या. परतल्यावर बाई त्याचा एक फोटो संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायच्या. मातीने माखलेली मुलं, हातात भाजी. खाली एक शब्द नाही. त्या ग्रुपचे अॅडमिन दळवी साहेब होते. त्यांनी बाईंना ग्रुपमधून कधी काढलं नाही, आणि बाईंनी फोटो टाकायचा एक शनिवार चुकवला नाही.

बाई निवृत्त झाल्या तरी गोराई सुटली नाही. मग दळवी साहेब गेले. हार्ट अटॅक, घरीच. शाळेत शोकसभा झाली, दोन्ही शाळांचा आजीमाजी स्टाफ जमला. एकेक जण उठून साहेबांच्या कामाबद्दल बोलला, आणि ते खोटं नव्हतं. सूत्रसंचालकाने बाईंचंही नाव घेतलं, बहुधा सवयीने. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला आणि माइकपाशी गेल्या.

"साहेबांनी वरचा मजला बांधला," त्या म्हणाल्या. "मुलींना बाथरूम दिलं. मी ते विसरले नाही. आणि त्यांनी मुलांची वांगी लागलेली उभी बाग उखडली, तेही मी विसरले नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलत नाहीत, मला माहीत आहे. पण ज्यांची बाग गेली ती मुलं जिवंत आहेत."

बाई जागेवर आल्या. सभा कशीबशी संपली. आम्ही जिना उतरत होतो तेव्हा साहेबांच्या पत्नी मागून आल्या. आता काय ऐकावं लागणार म्हणून मी अंग चोरून घेतलं. त्या बाईंच्या समोर उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "त्या उद्घाटनानंतर आमच्या घरात वांगं शिजलं नाही. ताटात दिसलं की उठून जायचे. मला कधी कारण सांगितलं नाही. आज कळलं."

खरात बाईंनी त्यांचा हात हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला. मला वाटलं, सुटला बाईंचा राग.

आम्ही बस स्टॉपपर्यंत चालत आलो. मी म्हटलं, बघितलंत ना, लागलं होतं त्यांना मनाला. झालं ना आता समाधान? बाई रस्त्याकडे बघत होत्या.

"मनाला लागलं," त्या म्हणाल्या, "तर जागा परत द्यायची. वांगं सोडून काय होतं? पोरांना काय मिळालं त्यातून?" मग म्हणाल्या, "माती अजून त्या कोब्याखालीच आहे, सावंत."

दिंडोशीची बस आली आणि त्या चढल्या. ती आमची शेवटची भेट. पुढच्या पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली, ती पोटात उतरली, आणि त्या गेल्या. त्यांच्या घरच्यांनी बुद्धवंदना घेतली तेव्हा खोलीत बसायला जागा नव्हती. जुनी मुलं जिन्यावर उभी होती, मोठी झालेली, कुणाच्या मिशा, कुणाच्या कडेवर मूल.

आता संस्थेचे सेक्रेटरी नवीन आहेत, तरुण आहेत, बोलायला गोड आहेत. दर महिन्याच्या मीटिंगमध्ये शेवटी काही विषय आहे का असं विचारतात, आणि मी उभी राहून म्हणते की मागचं टर्फ काढून तिथली जागा मुलांना द्यावी. दर वेळी ते बघू म्हणतात. गेल्या महिन्यात त्यांचा धीर सुटला. म्हणाले, "सावंत बाई, तुम्ही आधी अशा नव्हता हो."

मी नाही म्हटलं नाही. खाली बसले. पुढच्या मीटिंगला पुन्हा उभी राहणार आहे.