यमुनाआत्याचा राग

यमुनाआत्या कुणाला शिवी देत नसे. राग जितका मोठा, तितका तिचा आवाज खाली यायचा. शेठला ती हळूच "बाबा" म्हणाली, तेव्हाच मी ओळखलं, हा माणूस आता सुटत नाही.

शेठचा कापड रंगवायचा कारखाना भिवंडीबाहेर, आमच्या गावाला लागून. रंगाचं पाणी तो तसंच नाल्यात सोडायचा. नाल्याकाठी आत्याची विहीर. एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी जांभळं झालं आणि ते पिऊन तिच्या दोन्ही म्हशी मेल्या. विधवा बाई, घर दुधावर चाललेलं. ती जाब विचारायला गेली तेव्हा मी सोबत होतो. शेठ हसला. "अरे मौसी, आता घरोघर नळ आलेत. विहीर कशाला पाहिजे?"

"बरं बाबा," आत्या म्हणाली. फाटकाबाहेर आल्यावर मला म्हणाली, "याला याचंच पानी पाजीन."

कारखाना चालायचा टँकरच्या पाण्यावर. टँकर भरायचे आसपासच्या गावांतल्या विहिरींवर, आणि त्या विहिरी आमच्याच भावकीच्या. आत्या घरोघर फिरली. माझेही टँकर शेठकडे जात. मला तिने एवढंच सांगितलं, "तुझा टँकर त्याच्या दारात दिसला तं माझ्या मयताला येऊ नको."

आठवड्याभरात कारखाना थंड पडला. शेठ आत्याच्या ओटीवर आला. "मौसी, पानी नहीं तो सब बंद. कामगारांनी खायचं काय?"

"मी काय खाल्लं, इचारलंस कदी? आनि पानी न्हाय कसं? रोज नाल्यात सोडतोस त्ये काय हाय? साफ कर न् वापर. कमी पडंल तेवडं आमी देऊ."

त्याने दुसरीकडे खटपट केली. कुणी दाद दिली नाही. शेवटी सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट बसवावा लागला. तो सुरू झाला त्या दिवशी आत्या न बोलावता गेली. शुद्ध झालेल्या पाण्याची बादली तिने कामगारांसमोर शेठपुढे ठेवायला लावली.

"तोंड धू, बाबा."

शेठने तिच्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं आणि वाकून तोंड धुतलं. कुणी हसलं नाही. आत्या तेवढी हसली.

तेच पाणी फिरून फिरून रंगाला वापरलं जाऊ लागलं. आमच्या विहिरींवरचा भार हलका झाला. आत्याची विहीर मात्र कधीच निवळली नाही.

तिच्या अखेरच्या आजारपणात शेठ फळं घेऊन आला. "नाल्यात थेंब जात नाही, मौसी. आता तरी माफ कर."

"माफ केलं की तू परत सोडशील," ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

त्याच दुखण्यात ती गेली. शेठ मयताला आला, डोळे पुसून गेला.

पुढच्याच महिन्यात पुलावरून जाताना नाला निळा दिसला. मी गाडी थांबवली. कारखान्यात विचारायला गेलो नाही. तिथेच उभा राहून एकेका टँकरवाल्याला फोन लावला.