शाडूची बाई

ओल्या शाडूचा वास आला की पेणमधल्या माझ्या शेजाऱ्याचा देखावा आठवतो. गणपती रंगवणाराच तो. त्या वर्षी त्याने बाप्पापुढे अख्खी पेण-रोहा रेल्वे मांडली होती. शाडूचे डोंगर, हिरव्या भुशाची भातशेतं, खडेमिठाची मिठागरं आणि सेलवर धावणारी गाडी. रुसून रोह्याला माहेरी गेलेली बायको निदान हे बघायला येईल, एवढीच त्याची आशा. मी मात्र चिमूटभर शाडूची बोटभर बाई केली, तिला त्याच्या बायकोसारखी पिवळी साडी रंगवली, हातात बोचकं दिलं आणि आरतीच्या गडबडीत गुपचूप देखाव्यातल्या पेणच्या फलाटावर उभी केली. दर्शनाच्या बायका खिदळल्या, "अगो, ही तर वहिनी! चालली बघ रोह्याला!" नेमकी तेव्हाच त्याची बायको दारात आली, राहायच्या तयारीने, कपड्यांची पिशवी घेऊन. "माझा तमाशा मांडलात व्हय?" "मी नाय केली गो ती!" तो ओरडला, पण ती उंबऱ्यावरूनच फिरली, ती कायमची. मी कोपऱ्यात मोदक खात होतो आणि खरं सांगतो, तो फार गोड लागला. अजूनही दर गणपतीत तो मला बोलावतो, "फलाटावरची माणसं तूच कर, तुझा हात चांगला हाय. फक्त बाई नको."