बापटसाहेबांनी केलेलं नेपल्स

“मॅडम, कॅप्री कुठल्या बाजूला आहे?”

फोनवरचा आवाज अगदी हळू होता. जून महिना, शाळांच्या सुट्ट्या, म्हणजे आमच्या धंद्याचा मोसम. सकाळपासून काउंटरवर माणसं उभी होती. मी नुकताच डबा संपवून टेबलाखाली चपला काढून ठेवल्या होत्या आणि डोळे मिटू नयेत म्हणून स्टेपलरशी खेळत होते. मला वाटलं, कोणीतरी घरी ब्रोशर चाळत बसलंय.

“कॅप्री इटलीत आहे,” मी म्हटलं.

“ते माहीत आहे हो. मीही इटलीतच आहे. सोरेंटोला, हॉटेलच्या लॉबीत. बापट बोलतोय.”

मी चपला पायात घातल्या.

सिंगापूरला चायनाटाउनमधल्या एका जुन्या शॉपिंग सेंटरमध्ये आमची ट्रॅव्हल एजन्सी होती. मालक मिस्टर कोह, तिकिटं काढणाऱ्या दोघी चिनी मुली आणि युरोपच्या टेबलावर मी. इंटरनेट अजून आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. एक टेलेक्स मशीन धूळ खात होतं आणि एक फॅक्स दिवसभर कुरकुरत असायचा. इटली मी दर आठवड्याला विकायची. पाहिली मात्र कधीच नव्हती. तशी ती विकायला पाहावी लागत नाही, ब्रोशर पाठ असलं की पुरतं.

बापट हे चीफ इंजिनिअर. त्यांच्या जहाज कंपनीचं ऑफिस सिंगापूरला, म्हणून काही वर्षांपूर्वी बायकोला, सुमनताईंना, घेऊन ते क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर. त्या आधीची सगळी वर्षं सुमनताई चिपळूणला, सासूसासऱ्यांजवळ. सुट्टीत बायकोला इटलीचा समुद्रकिनारा दाखवायचा, असं ठरवून दोघं माझ्याकडे आली होती. मी नेहमीप्रमाणे स्टेशनवर न्यायला गाडी, सोबत गाइड, पॉम्पेईची अर्ध्या दिवसाची टूर असं सगळं मांडलं. बापटांनी ते हातानंच बाजूला सारलं.

“गाइड कशाला? तो किनारा मी पाच-सहा वेळा केलाय.”

“यांना सगळं तोंडपाठ आहे,” सुमनताई म्हणाल्या. “हे जग बघत होते, मी यांच्या आईच्या गोळ्यांच्या वेळा बघत होते.” त्या हसून म्हणाल्या खऱ्या, पण ते वाक्य बरंच जुनं असावं.

मग मी त्यांचं बुकिंग एफआयटी म्हणून केलं. एफआयटी म्हणजे ज्या प्रवाशाच्या हातात तिकीट आणि हॉटेलचं व्हाउचर ठेवून आपण मोकळे होतो तो. पुढचं त्याचं तो बघतो. हॉटेल हाफ बोर्ड, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण त्यांचं, दुपारचं आपण बाहेर शोधायचं. तो किनारा केलेल्या माणसाला यात काय अवघड?

आता घोटाळा होता तो या ‘केलाय’मध्ये. आमच्या धंद्यात माणसं म्हणतात, आम्ही मागच्या वर्षी युरोप केला, यंदा जपान करायचंय. म्हणजे ते तिथं हिंडले, फोटो काढले, पाय दुखवून घेतले. जहाजावरचा माणूस त्या किनाऱ्यावरच्या बंदराबद्दल म्हणतो, मी नेपल्स केलंय. म्हणजे त्याचं जहाज तिथं लागलं आणि सुटलं. एवढंच. हे मला त्या दुपारी फोनवर कळलं.

“काल संध्याकाळी गच्चीतून मी तिला एक बेट दाखवलं, म्हटलं हे कॅप्री,” बापट सांगत होते. “आता वेटर म्हणतोय, ते कॅप्री नाहीच.”

“पण तुम्ही इतक्या वेळा गेला आहात ना तिथून?”

“अहो, बेटं वर ब्रिजवर जहाज चालवणाऱ्यांना दिसतात. मी खाली इंजिनात असतो.”

“आणि बंदरात?”

“बंदर लागलं की डेकवाले जमिनीवर उतरतात आणि इंजिनवाले इंजिनात उतरतात. चालू असताना जे उघडता येत नाही ते तेव्हाच उघडायचं असतं. तपासणीला सर्व्हेअर येतो, तेल भरायचं असतं. गेटबाहेर गेलो असेन तर अर्धा तास.”

मी म्हटलं, लगेच गाइड पाठवते.

“नको, नको. गाइड आला की तिला कळेल.” मग जरा थांबून म्हणाले, “लग्नानंतरची जहाजावरची पहिली ट्रिप होती. तिनं फोनवर विचारलं, काय काय पाहिलंत? मी इतका दमलो होतो, म्हटलं, सगळं. मग ते वाढतच गेलं. सामान पुरवणारा माणूस जहाजावर यायचा, त्याच्याकडून पिक्चर पोस्टकार्डं घेऊन पाठवायचो. मॅडम, मी आयुष्यभर घराबाहेर राहिलेला माणूस आहे. तिनं नुसत्या माझ्या शब्दावर विश्वास ठेवलाय. हे खोटं निघालं तर बाकीचं तरी खरं का मानेल ती?”

माझ्या टेबलासमोर नऊ जणांचं एक कुटुंब पर्थच्या तिकिटांसाठी खोळंबलं होतं. मी ड्रॉवरमधून नकाशा काढला.

“समुद्राकडे तोंड करून उभे राहा. उजवीकडे ज्वालामुखी दिसतो का? मग कॅप्री डावीकडे. तुमच्या हॉटेलातून दिसणारच नाही, डोंगराच्या टोकामागे लपलंय. बायकोला सांगा, काल धुकं होतं.”

त्या दिवसापासून रोज दुपारी फोन. इटलीत तेव्हा सकाळ असायची. वर्तमानपत्र आणतो असं सांगून बापट खाली यायचे आणि मी त्यांना दिवसभराचं पढवायची. बोट कुठून सुटते, पॉम्पेईला कुठल्या स्टेशनवर उतरायचं, आमाल्फीच्या बसमध्ये कोणत्या बाजूला बसलं की समुद्र दिसतो. माझ्याजवळ होती ती ब्रोशरं, एक जुनं गाइडबुक आणि आमच्या ग्राउंड हँडलरचे फॅक्स. ग्राउंड हँडलर म्हणजे त्या देशातला आमचा एजंट. आमची होती नेपल्सची पाओला नावाची बाई, सदा घाईत. थोडक्यात, जिनं इटली पाहिली नव्हती ती, ज्यानं इटली पाहिली नव्हती त्याला, इटली पाहिल्यासारखं कसं बोलायचं ते शिकवत होती.

मिस्टर कोहच्या लक्षात आलंच. “व्हाय एव्हरी डे इटली कॉल यू, आह?”

“क्लायंट रस्ता विचारतोय.”

“ही बीन देअर सो मेनी टाइम्स, व्हॉट!”

मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. संध्याकाळी सेरांगूनला घरी जाताना एमआरटीच्या गाडीत उभ्या उभ्या माझ्या डोक्यात बोटींच्या वेळा फिरायच्या. स्वयंपाक करतानाही त्याच. परक्याचा संसार सांभाळायचा पगार मला कोणी देत नव्हतं.

बापटांना मात्र रंग चढला होता. “काल तिला सांगितलं, याच दुकानात मी मागच्या खेपेला लिंबाचं सरबत प्यायलो होतो. खूश झाली.”

“स्वतःच्या पदरचं घालू नका,” मी वैतागून म्हटलं. “मी सांगते तेवढंच बोला.”

आमाल्फीच्या दिवशी प्रश्न दुपारच्या जेवणाचा होता. सुमनताई पक्क्या शाकाहारी, त्यात किनाऱ्यावर जिकडेतिकडे मासे. पाओलानं एका खानावळीचं मेनूकार्ड फॅक्स केलं. त्यात एक ओळ ‘पेपेरोनी’ची. पिझ्झावर घालतात ते लाल, गोल मांसाचे काप मला सिंगापुरात पाहून ठाऊक होते. मी बापटांना बजावलं, “पेपेरोनी म्हणजे मांस. त्यांना त्याच्या जवळपासही जाऊ देऊ नका.”

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फोन वाजला. मी उचलला आणि लगेच म्हटलं, “बोला बापटसाहेब. बायको कुठे आहे?”

“बायको इथेच आहे. तीच बोलतेय.”

काउंटरवर कोणीतरी काहीतरी विचारत होतं. मला काही ऐकू आलं नाही.

“काल काय झालं सांगते ताई,” सुमनताई म्हणाल्या. “शेजारच्या टेबलावर एक आजी जेवत होती. तिच्या ताटात लालपिवळं, भाजलेलं, तेलात निथळणारं काहीतरी. मी म्हटलं, मला ते हवं. हे म्हणाले, ते मटण आहे, मी मागच्या वेळी खाल्लंय. ताई, ती ढोबळी मिरची होती. मी काय ढोबळी मिरची ओळखत नाही? मी यांना म्हटलं, तुम्ही खाल्लंत ते कुठलं जनावर होतं?”

इटालियनमध्ये पेपेरोनी म्हणजे ढोबळी मिरची. हे मला त्या क्षणी कळलं. नंतर पाओलाला विचारलं, तर ती फोनवर इतकी हसली की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, यांनी चमचा खाली ठेवला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. खानावळवाले खुर्च्या उलट्या करायला लागले तरी सांगतच होते. तुमचे फोनही सांगितले.”

“तुम्हाला राग आला असेल.”

“आला ना. रात्रभर बोलले नाही.” त्यांचा आवाज बदलला. “ताई, सासूबाईंचं अंथरूण धुताना मी या माणसाचा हेवा करायचे. हा तिकडे आगबोटीतून उतरून हॉटेलात बसला असेल, समुद्र बघत. इतकी वर्षं जळले मी. हा सुट्टीवर आला की पहिले आठ दिवस मी धड बोलायचेसुद्धा नाही. आणि जळण्यासारखं तिथं काही नव्हतंच. हा माणूस तळाशी तेलात बसला होता. एकदा तरी मला सांगायचं होतंत, म्हटलं यांना.”

मला त्या बाईसाठी वाईट वाटलं, आणि आपण चार दिवस तिच्या नवऱ्याला खोटं पढवलं याचीही लाज वाटली.

“उद्याची पोझितानोची बोट नको,” त्या म्हणाल्या. “मला नेपल्सचं बंदर दाखवा. हे जिथं होते ते.”

हे बसवणं बाकी सगळ्या टूरपेक्षा कठीण गेलं. मालवाहू बंदरात पासशिवाय आत सोडत नाहीत. पाओलाला आधी वाटलं, बेटावर जायच्या बोटींचा धक्का हवाय. मी म्हटलं, तो नाही, मालाचा. ती म्हणाली, तिथं ट्रक आणि घाण आहे. मी म्हटलं, तेच. शेवटी तिनं बंदरातल्या ट्रकवाल्यांना ओळखणारा एक टॅक्सीवाला गाठून दिला. गेटपर्यंत नेईन, आत नाही, या बोलीवर तो तयार झाला.

मिस्टर कोहनी व्हाउचर हातात घेऊन दोनदा वाचलं.

“पोर्ट? सिंगापूर ऑल्सो गॉट पोर्ट. टेन मिनिट्स टॅक्सी.”

मी म्हटलं, क्लायंटला तेच पोर्ट हवंय. त्यांनी मान हलवली आणि सही केली.

परतल्यावर दोघं ऑफिसात आली. बापट माझ्या नजरेला नजर देईनात, टेबलावरचा ग्लोब हातात घेऊन फिरवत बसले. बोलल्या त्या सुमनताईच. गेटवरच्या पहारेकऱ्यानं दोघांना हाकललं होतं. मग टॅक्सीवाल्यानं पुलावर नेऊन गाडी थांबवली. तिथून धक्के दिसत होते. बापटांनी बोट करून दाखवलं, अमक्या साली जहाज इथं होतं, तमक्या साली तिथं, आणि या शेडच्या आड असलं की वाराही लागायचा नाही. गेटसमोर रस्ता ओलांडून टेलिफोनची केबिन होती. बंदर लागलं की अंगावरच्या बॉयलर सूटनिशी तिथं यायचं, खलाशांच्या रांगेत उभं राहायचं, चिपळूणला शेजाऱ्यांकडे फोन लावायचा आणि सुमनला बोलावून आणेपर्यंत नाणी टाकत राहायचं. अर्धा तास तो. इटलीत ते चालले होते ते तेवढंच अंतर.

“मला वाटायचं, हे कुठल्या तरी मोठ्या हॉटेलातून फोन करतात,” सुमनताई म्हणाल्या. “मागे नेहमी गोंगाट असायचा ना.” त्यांनी डोळे पुसले आणि लगेच बापटांना म्हणाल्या, “तो ग्लोब ठेवा खाली, मोडेल.”

मी धंद्याचं बोलणं काढलं. पुढच्या सुट्टीसाठी ग्रीस होतं, स्पेन होतं. ब्रोशरं पुढे सरकवली. सुमनताईंनी ती न उघडता परत केली. चीफ इंजिनिअरला बायकोला जहाजावर न्यायची परवानगी मिळते. इतकी वर्षं ती होतीच, पण आधी सासूबाई होत्या, मग मुलीची शाळा. शिवाय यांनीही कधी आग्रह केला नाही. का केला नाही, ते आता कळत होतं.

पुढच्या ट्रिपला त्या बापटांबरोबर जहाजावर गेल्या. पुढच्या वर्षी टेका मार्केटमध्ये भाजी घेताना भेटल्या. चांगल्या काळवंडल्या होत्या. रॉटरडॅम, हॅम्बुर्ग, सँटोस, डर्बन, सगळीकडे जाऊन आल्या होत्या.

“काय काय पाहिलंत?” मी विचारलं.

“काही म्हणजे काही नाही,” त्या म्हणाल्या आणि इतक्या मोकळ्या हसल्या की भाजीवाल्याचा तराजू थांबला. “यांना वेळच नसतो हो!”

त्यानंतर ती दोघं आमच्याकडे कधीही बुकिंगला आली नाहीत. त्या वर्षीचा मोसम संपल्यावर मिस्टर कोहनी विचारलं, एवढं चांगलं गिऱ्हाईक कसं गेलं. या धंद्यात यायचं असेल त्यानं एवढं लक्षात ठेवावं, नवराबायकोला जगातलं वाटेल ते दाखवावं, पण ती दोघं एकमेकांना दाखवायला जाऊ नये. मग त्यांना आपली गरज उरत नाही.