निरुपमाताईंच्या अंगावरचे डाग

निरुपमाताई शाळेतून निवृत्त झाल्यावर बडोद्याला कारेलीबागेतल्या घरीच गणिताची शिकवणी घेत. नवरा मुकुंद रिफायनरीतून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस.

एका सकाळी त्यांच्या दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग दिसला. कुठे आपटल्याचं आठवेना. मग मांडीवर उठला, मग पाठीवर. शेजारच्या अस्मिताबेननी जिन्यात थांबवून हळूच विचारलं, "बेन, घरमां बधुं बराबर छे ने?"

घरात सगळं ठीक आहे ना, या प्रश्नाचा रोख कळल्यावर निरुपमाताईंना हसू आलं. पण मुलगी अवंती पुण्याहून आली आणि तिनेही तेच विचारलं. "आई, खरं सांग. बाबांनी हात उचलला का?"

मुकुंदराव दारातच उभे होते. ते तसेच आत गेले. त्यानंतर ते बायकोच्या जवळ बसायलाही बिचकू लागले.

"झोपेत माझा हातबित लागतो का गं तुला?" एकदा त्यांनी विचारलं.

"छे!" त्या म्हणाल्या खऱ्या, पण मनात आलं, मलाच आठवत नसलं तर?

पुढे दाढ काढावी लागली आणि रक्त थांबेचना. इस्पितळात नेलं. तिथे त्यांच्या रक्तातला पातळ द्रव, म्हणजे प्लाझ्मा, निरोगी माणसाच्या प्लाझ्मात मिसळून पाहिला, तरी तो वेळेत गोठेना.

"रक्त गोठवणाऱ्या एका घटकाला तुमच्या शरीराने शत्रू ठरवलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार झालीत. डाग उठायला मार लागावाच लागत नाही."

"पण आमच्या घराण्यात कुणालाच असं नाही!"

"हा प्रकार जन्मजात नाही."

"मग आत्ताच का? मलाच का?"

"पुष्कळदा कारण सापडत नाही. तुमच्यातही सापडलेलं नाही."

बाहेर बाकावर अवंती म्हणाली, "बाबा, चुकलं माझं."

"मलाही माझी खात्री उरली नव्हती, बाळा," मुकुंदराव म्हणाले.

आधी रक्त थांबवणारी इंजेक्शनं झाली, मग स्टेरॉइडच्या गोळ्या. चेहरा सुजला, झोप उडाली. दिवाळीच्या सुमारास तपासणी चांगली आली. पुन्हा उलटू शकतं, तेव्हा दाखवत राहा, असं बजावून डॉक्टरीणबाईंनी घरी सोडलं.

रिक्षात निरुपमाताई मुकुंदरावांकडे वळल्या.

"अहो, रक्त थांबू देत नव्हतं ते माझंच शरीर. औषधांनी दाबलं तेही माझंच. मग यात बरं कोण झालं?"

मुकुंदरावांनी विचार केला. "पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारू," ते म्हणाले.